पार्लरमधली सातवी खोली

आमच्या गल्लीतल्या पार्लरवालीच्या गच्चीवर उन्हाच्या दिवसांत जे पडलेलं असतं, ते पाहून नव्या माणसाची पाचावर धारण बसते. पांढऱ्या मलमात लडबडलेले, वर पातळ प्लॅस्टिक गुंडाळलेले चपटे चपटे तुकडे ओळीने मांडलेले असतात, आणि हातमोजे घातलेली एक बाई थोड्या थोड्या वेळाने वर येऊन ते उलटेपालटे करत असते. समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ हे सगळं दुर्बिणीतून बघत होते, असं मला त्यांच्याच बायकोने सांगितलं. दुर्बीण मुळात कशासाठी आणली होती हे तिने सांगितलं नाही, आणि मीही, नवलच म्हणायचं, विचारलं नाही.

तर ते तुकडे कॉम्प्युटरचे. आजकालचे नव्हेत. ज्या काळी कॉम्प्युटर म्हणजे नुसता एक जाडजूड कीबोर्ड असायचा, त्याची वायर घरातल्या टीव्हीला जोडायची आणि गेम गाण्याच्या कॅसेटवर साठवायचे, त्या काळचे. त्यांचं पांढरं प्लॅस्टिक वर्षानुवर्षांनी चहाच्या डागासारखं पिवळं पडतं. ते पिवळेपण जातं कशाने, तर केसांचा रंग उडवायच्या क्रीमने. क्रीम फासायचं, गुंडाळायचं, उन्हात ठेवायचं. ज्या डब्यातून गल्लीतल्या निम्म्या बायका सोनेरी झाल्या, त्याच डब्यातून ही कॉम्प्युटर गोरे करते. वेळ चुकली तर डाग पडतात, हेही दोघांना सारखंच. फरक एवढाच, की कॉम्प्युटर आरशात बघून भांडत नाही.

पार्लरवाली पन्नाशी ओलांडलेली, अंगाने बारीक, हाताने हलकी, आणि माणसाकडून गोष्ट काढून घेण्यात माझ्याही वरताण. माझी मान दुखते, पायऱ्या चढवत नाहीत, तरी तिच्याकडे जाण्यात मी खंड पडू देत नाही. लोकांना वाटतं मी केस रंगवायला जाते. माझे केस मुळात काळेच आहेत, थोडे आठवण करून द्यावे लागतात इतकंच.

ती जुनी मशीन मिळवते कुठून, हे गुपित मला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाचं डोकं बेसिनमध्ये मागे टेकलेलं असतं, कोमट पाणी वाहतं, डोळे मिटलेले. अशा वेळी माणूस खोटं बोलत नाही. ती बोटांनी शॅम्पू चोळता चोळता विचारते, "माळ्यावर काय पडलंय हो तुमच्याकडे? मुलांचं जुनं काही?" आणि मग कुणाच्या दिराचं, कुणाच्या घटस्फोटित नवऱ्याचं, असं एकेक मशीन पिशवीतून येतं. नवऱ्याचं असलं तर बायका जरा जास्तच आनंदाने देतात.

तिच्या स्वतःच्या नवऱ्याचं चौकात चष्म्यांचं दुकान आहे. सगळे त्यांना चष्मेवाले म्हणतात. स्वभावाने मऊ. पार्लरच्या मागची खोली त्यांच्या फ्रेमच्या खोक्यांसाठी होती. आता तिथे भिंतभर फळ्यांवर मशीन आहेत, रबरी बटणांची, चॉकलेटी कव्हराची, एक तर तव्याएवढं. मध्ये मागे कुबड असलेला जुना टीव्ही. खोकी गेली चष्मेवाल्यांच्या पलंगाखाली. मी एकदा त्यांना टोचून बघितलं, "तुमच्यापेक्षा जुनं काही घरात आलं की ती खूश दिसते." ते म्हणाले, "म्हणून तर मी निर्धास्त आहे. माझं वय वाढतंच आहे."

पण हा नुसता छंद नव्हे. हिच्या डोक्यात एक किडा होता, आणि तो लहानपणीचा.

हिच्या माहेरी कॉम्प्युटर आला तो दादाच्या अभ्यासासाठी. दादा म्हणजे हिचा थोरला भाऊ. वडिलांनी मशीन आणलं, गेम आणले नाहीत. मग भावंडांनी युक्ती काढली. तेव्हा मासिकांमध्ये गेम छापून यायचे, म्हणजे गेमची सगळी आज्ञावली, ओळीखाली ओळ, आकडे आणि चिन्हं, पानंच्या पानं. ती जशीच्या तशी टाइप केली की गेम चालायचा. दादा मासिक हातात धरून मोठ्याने वाचायचा आणि ही टाइप करायची. अशा एका सुट्टीत त्यांनी 'भुयार' नावाचा गेम उतरवला. टोपीवाला इवलासा माणूस, अंधाऱ्या खोल्या, उडणारी वटवाघळं, प्रत्येक खोलीत एक किल्ली. मासिकात लिहिलं होतं, एकूण खोल्या सहा.

एका दुपारी दादा बाहेर गेला असताना ही सहावी खोली पार करून गेली. आणि तिला सातवी दिसली. भिंती अक्षरांच्या, वटवाघूळ अर्धंच आणि उलटं, रंग सगळे विचित्र. ही धावत बाहेर गेली, आईला, वडिलांना, सापडेल त्याला हात धरून आणलं. तोवर वडील दुसऱ्या दाराने आत येऊन गेले होते, आणि मशीन रिकामंच चालू दिसलं म्हणून शिस्तीत बंद करून गेले होते.

झालं. सगळ्यांनी पोट धरून हसून घेतलं. दादाने मासिक नाचवून दाखवलं, "सहा लिहिलंय, सहा." पुन्हा तिथवर पोचायच्या आत दादाने कॉलेजला जाताना मशीन कॅसेटींसकट विकून सायकल घेतली. आणि त्या घरात एक वाक्प्रचार रूढ झाला. हिने काहीही सांगितलं, पहिल्या नोकरीतली मालकीण पगार देत नाही म्हणाली, मुलगा बघायला येणार आहे म्हणाली, की दादा म्हणायचा, "हो का? सातवी खोली का?" हिच्या लग्नातसुद्धा म्हणाला. नवरा मुलगा त्याने आधी पाहिला नव्हता ना.

आता दादा निवृत्त झालाय. आयुष्यभर ऑडिटर होता, म्हणजे इतरांच्या चुका काढायचा पगार घेत होता. असा माणूस घरीसुद्धा फुकट काम करत राहतो.

तर पार्लरवालीला हवं होतं ते एवढंच: सातवी खोली दादाला डोळ्यांनी दाखवायची. त्यासाठी आधी तेच मशीन मिळवलं, मग मासिकाचा तोच अंक. तो आला तेव्हा ती नाचायचीच बाकी होती. माझ्या डोक्याला अर्धाच रंग लावून ती पाकीट फोडायला गेली आणि मी तशीच, झेब्र्यासारखी, बसून राहिले. अंक मांडीवर उघडून ती पानावर हात फिरवत म्हणाली, "काकू, वाससुद्धा तोच."

तिने एकटीने, ओळीला पट्टी लावून, गेम टाइप केला. मग सुरू झाली तालीम. सहाव्या खोलीत विहीर आहे, तिच्यावर सरकत्या फळ्या, आणि उडी मारायची ती फळीच्या अगदी टोकावरून, अर्धा पाय हवेत असताना. जरा आधी मारली तर विहिरीत, जरा नंतर मारली तरी विहिरीत. गिऱ्हाईक उठलं की ही मागे, गिऱ्हाईक आलं की पुढे. केस कापतानाही हिचा अंगठा कंगव्यावर टकटक करायचा. आम्ही बायका पैज लावायला लागलो होतो.

आणि एके दिवशी साधलं. माणूस विहीर पार करून दारातून बाहेर पडला. मी तिथेच होते. पडदा काळा झाला, आणि उजळला तो पहिल्या खोलीत. तीच पहिली खोली, तीच किल्ली. गेम पुन्हा सुरुवातीपासून.

तिने खुर्ची पुढे ओढली. पुन्हा खेळली, पुन्हा पार केलं, पुन्हा पहिली खोली. मग टीव्ही बंद करून म्हणाली, "म्हणजे मी स्वप्नच बघितलं का काय काकू? आणि इतकी वर्षं भांडत राहिले?"

"मासिकवाल्यांचीच चूक असेल," मी म्हटलं.

"मासिकवाले सहा म्हणतात. दादा सहा म्हणतो. मशीन सहा म्हणतं." ती टॉवेल घड्या घालू लागली. "तुम्ही कुणाला बोलू नका हं."

हे मला सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण देणं. तरी मी तोंड बंद ठेवलं. पोटात दुखायला लागलं, पण ठेवलं.

आणि नेमके त्याच आठवड्यात दादा आणि वहिनी राहायला आले.

दादा उंच, पोट सुटलेलं, बोलणं शिक्का मारल्यासारखं. पार्लरमध्ये पाऊल टाकलं, मला नमस्कार केला, आणि मागच्या खोलीच्या दाराला लावलेल्या पडद्याच्या फटीतून नजर आत गेली. मग त्याचं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. ते तव्याएवढं मशीन त्याने उचललं, छातीशी धरलं, खाली ठेवलं. रबरी बटणांवर बोट फिरवलं. "अगं, हे आपलंच," म्हणाला. मासिक दिसल्यावर तर त्याचे कानसुद्धा लाल झाले.

"भुयार," तो म्हणाला. "चल. मी वाचतो, तू टाइप कर."

"कॅसेटवर आहे माझ्याकडे, तयार." हिचा आवाज पडलेला. तयार गेम लावला तरी सहाच खोल्या, टाइप केला तरी सहाच. हिला ते दादासमोर व्हायलाच नको होतं.

"कॅसेट नको. कॅसेटमध्ये तू काय काय घुसडलं असशील, मला काय माहीत? माझ्यासमोर टाइप कर आणि मग दाखव तुझी सातवी खोली. आज एकदा निकाल लागू दे."

वहिनी म्हणाली, "अहो, आपण आत्ताच पोचलोय. बॅगा तरी वर नेऊ."

"बॅगा कुठे पळतायत?"

माझ्या डोक्याला नुकताच रंग लावून झाला होता, वर प्लॅस्टिकची टोपी. मी खुर्चीसकट वळले. असं नाटक फुकटात, तेही पहिल्या रांगेतून.

दादा भिंतीला टेकून उभा राहिला. डाव्या हातात मासिक मागे दुमडून धरलेलं, उजव्या हातात चहाचा कप. आणि वाचायला लागला, एका सुरात, ऑडिटच्या बैठकीत वाचावं तसं. हिची बोटं मागे मागे. बटणं दाबल्याचा आवाज त्या रबरी मशीनला येत नाही, फक्त प्रत्येक अक्षराला एक बारीक टिक. तो वाचतोय, ही टिकटिकतेय. पाहता पाहता दोघंही तिथून गेली, म्हणजे शरीराने तिथेच, पण वयाने कुठल्या कुठे. तो म्हणाला, "चिन्ह विसरू नकोस, माकडे." ती म्हणाली, "तू नीट वाच, बैला." वहिनी माझ्याकडे बघत राहिली.

पान संपलं. दादाने चहाचा घोट घेतला, पान उलटलं, पुढची ओळ वाचली.

हिची बोटं थांबली. बटणांच्या वर अधांतरी. टीव्हीशेजारी टेकवलेल्या आरशात मला तिचा चेहरा दिसत होता, आणि ती आरशातूनच दादाच्या डाव्या हाताकडे बघत होती.

"काय झालं? लिही ना," दादा म्हणाला.

"लिहितेय," ती म्हणाली, आणि लिहिलं.

थोड्याच वेळात ती माझा रंग बघायच्या निमित्ताने आली, टोपीखाली बोट घातलं आणि कानाशी कुजबुजली.

"काकू, पानाच्या तळाची एक ओळ राहिली. दादाच्या अंगठ्याखाली."

"मग सांग त्याला."

"वेडी आहे का मी? त्या ओळीत काय आहे माहितेय? सहावी खोली संपली की परत पहिलीत जा. ती ओळ नसेल तर मशीन सातवी शोधायला जाईल."

"पण सातवी कुणी लिहिलेलीच नाही ना?"

"नाही. पण मशीनला कुठे ठाऊक आहे? पुढे पोटात जे सापडेल, त्याच्याच भिंती करेल." ती क्षणभर थांबली. "तेव्हाही तो असाच धरायचा मासिक. असाच."

"अगं, मग आज..."

"आज जायचं. पण विहीर पार करायला हवी."

टाइप करून झालं. दादा म्हणाला, लाव. ती म्हणाली, आधी कॅसेटवर उतरवणार, एकदा हरवलंय ते पुरे आहे. टेपरेकॉर्डर किंचाळत बसला, आणि ते किंचाळणं ऐकून शेजारच्या टेलरिंगच्या दुकानातल्या दोघी आत डोकावल्या. मी त्यांना डोळ्यांनीच बसा म्हटलं. एकीला मी आधीच निरोप पाठवला होता, हे खोटं कशाला बोला. चष्मेवालेसुद्धा दुकान उघडं टाकून आले.

खेळ सुरू झाला. तीन जीव. पहिली खोली ती झोपेतही करते. दुसरी, तिसरी. दादा प्रत्येक किल्लीला "हां" म्हणत होता. चौथीत एक वटवाघूळ आडवं आलं आणि एक जीव गेला. पाचवीत काठावरून पाय घसरला, दुसरा गेला. वहिनीने माझा हात धरला. आम्ही एकमेकींना फक्त लग्नकार्यात भेटलेल्या, पण धरला.

सहावी. विहीर. शेवटचा जीव.

पहिली फळी सरकत आली, ती चढली. दुसरी आली, चढली. तिसरी लांबची. माणूस फळीच्या टोकाकडे चालू लागला. "मार उडी," दादा म्हणाला. तिने मारली नाही. "अगं पडेल, मार." तिने मारली नाही. माणसाचा अर्धा पाय हवेत गेला, माझ्या डोक्यावरचा रंग कपाळावरून ओघळून नाकापर्यंत आला, आणि तेव्हा तिने बटणांखालची उडीची लांब पट्टी दाबली.

माणूस पलीकडे. किल्ली. दार.

पडदा काळा झाला, आणि किती वेळ काळा राहिला देव जाणे.

मग भिंती उमटू लागल्या. विटांच्या नव्हेत. अक्षरांच्या, आकड्यांच्या, दुपारभर दादाने जे वाचलं आणि हिने जे टाइप केलं त्याच्याच चुरगाळलेल्या तुकड्यांच्या भिंती, जांभळ्या आणि हिरव्या, काही लुकलुकणाऱ्या. वर कोपऱ्यात एक अर्धं वटवाघूळ, उलटं. आणि खाली, आकड्यांच्या जमिनीवर, आपला टोपीवाला उभा, जणू पत्ता बरोबरच आहे.

टेलरिंगवाल्या दोघींनी टाळ्या वाजवल्या. चष्मेवाल्यांनी आपला चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि बायकोकडे असं बघितलं की मी नजर दुसरीकडे वळवली. म्हणजे अगदी लगेच नाही.

दादा पडद्याजवळ गेला. बोट लावून भिंत बघितली. मग, हाडाचा ऑडिटर, मासिक उचललं आणि टाइप केलेल्या ओळी पडद्यावर आणून मासिकाशी ताडायच्या म्हणाला. ती म्हणाली, "पडद्याला हात लावायचा नाही. मला विचार." त्याने ओळीवर ओळ वाचली, ती हो म्हणत गेली, आणि पानाच्या तळाशी येऊन तो थांबला.

"ही ओळ तू गाळलीस."

"तू वाचलीच नाहीस."

"मी? मी कधी ओळ गाळत नाही."

"धर बरं मासिक, मघासारखं."

त्याने धरलं. मागे दुमडलं, अंगठा खाली टेकवला. बघितलं. अंगठा उचलला, पुन्हा टेकवला. आम्ही सगळ्या जणी त्या अंगठ्याकडे बघत होतो, इतकं लक्ष त्या बिचाऱ्याला जन्मात मिळालं नसेल.

"म्हणजे तेव्हाही," तो म्हणाला.

"तेव्हाही."

तो स्टुलावर बसला. मग बायकोकडे वळून म्हणाला, "ही सांगत होती. मी ऐकत नव्हतो."

"तुमचं ते मला लग्नापासून माहीत आहे," वहिनी म्हणाली. "लेखी देता का?"

सगळे हसले, दादासुद्धा. हसता हसता त्याने खिशातून फोन काढला. "थांब, फोटो काढतो. मोठ्या काकांना पाठवतो, आत्याला पाठवतो. सगळ्यांना सांगतो, होती म्हणून."

पार्लरवालीने वळूनही बघितलं नाही. तिचा चेहरा त्या लुकलुकणाऱ्या भिंतींच्या उजेडात हिरवा, जांभळा, हिरवा होत होता, आणि बोटं केव्हाच बटणांवर गेली होती.

"फोटो नंतर," ती म्हणाली. "दादा, तो डावीकडचा काळा चौकोन बघ. दार वाटतंय ना?"

दादाने फोन खाली ठेवला आणि स्टूल पुढे ओढलं. "वाटतंय खरं. पण त्याच्यापुढे काय असणार?"

"कुणालाच माहीत नाही," ती म्हणाली. "मासिकवाल्यांनासुद्धा."

"मग जा की," दादा म्हणाला, आणि आम्ही सगळे खुर्च्या पुढे सरकवत असतानाच तिने डावीकडचं बटण दाबलं.